बॅरोनेसबाई आपला कप आपणच धुतात

पाहुण्यानं आपल्या घरी चहा प्यावा, बिस्किटं खावीत, वाटलं तर आपल्याच पडद्यांना नावं ठेवावीत, पण उठून कप धुऊ नये. एवढी साधी रीत. हॉलंडमधल्या बेस्ट नावाच्या गावात नव्या घरी आम्ही राहायला आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या सिग्रिडबाईंनी ती मोडली. चहा संपल्यासंपल्या त्या ताडकन उठल्या, न विचारता स्वयंपाकघरात शिरल्या आणि नळ सोडून कप घासायला लागल्या. मी धावले. "अहो, राहू द्या, राहू द्या," म्हणत कपाला हात घातला. त्यांनी सोडला नाही. मीही सोडला नाही. ऐंशीला टेकलेली, माझ्याहून वीतभर उंच बाई आणि मी एका कपासाठी रस्सीखेच करतोय, आणि माझा नवरा मिलिंद दारात उभा राहून बघतोय, असा तो देखावा होता.

"हा कप कुणी वापरला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तुम्ही."

"मग?"

ह्या 'मग'ला मी कप सोडला. कप धुऊन, पुसून त्यांनी तो माझ्या कपाटात चुकीच्या जागी ठेवला. जाताना मिलिंदच्या हातातल्या रिकाम्या कपाकडे अशी काही नजर टाकली, की तोही मुकाट्यानं बेसिनकडे वळला. कुणी न सांगता त्यानं कप धुतल्याचं माझ्या पाहण्यातलं ते पहिलंच उदाहरण. मी मनातल्या मनात बाईंना तेव्हाच नमस्कार केला.

बाई मूळच्या स्वीडनच्या. नुसत्या स्वीडनच्या नव्हेत, तिथल्या एका जुन्या सरदार घराण्यातल्या. जन्मानं बॅरोनेस. हे आम्हाला कळलं ते त्यांच्याकडून नाही, पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांकडून. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "लहानपणी मला गोवरही आला होता. तेही सांगत फिरू का?" पण खरं सांगायचं तर ते लपत नव्हतं. पाठीचा कणा असा ताठ की खुर्चीला पाठ असते हे त्यांना ठाऊकच नसावं. हातात चांदीच्या मुठीची काठी. बागकामाच्या विटक्या पँटला गुडघ्यापर्यंत माती, आणि त्या मातीतूनही बोलणं असं की समोरच्यानं उभं राहूनच ऐकावं. आयुष्यभर बाई समतेसाठी लढल्या. फक्त ती समता त्या हुकूम सोडून आणायच्या.

त्यांच्या स्त्रीमुक्तीची सुरुवात त्या स्वतः एका घंटेपासून सांगायच्या. त्यांच्या वडिलांच्या वाड्यात, वाडा कसला, तळ्याकाठची मोठी हवेलीच ती, जेवणाच्या टेबलाखाली एक बटण होतं. आईसाहेबांनी पायानं ते दाबलं की खाली स्वयंपाकघरात घंटा वाजायची आणि मोलकरीण जिने चढत धावत यायची. बारा वर्षांच्या सिग्रिडनं एके दिवशी टेबलाखाली शिरून कात्रीनं त्याची तार कापली. दुपारी आईसाहेब बटण दाबताहेत, दाबताहेत, कुणी येत नाही. सूप संपलं, पुढचं ताट येईना. वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. शेवटी कुणालाच सुचेना, तेव्हा ही पोरगी उठली आणि म्हणाली, "मी खाली जाऊन आणते."

"आणि आणलंत?" मी विचारलं.

"आणलं. जिन्यावर सांडलं," बाई म्हणाल्या. "पण आणलं."

शिक्षा म्हणून महिनाभर स्वयंपाकघरातच जेवायला बसवलं, आणि तिथेच पोरगी खऱ्या अर्थानं बिघडली. मोलकरणींच्या गप्पा ऐकल्या. त्यांच्यासारखी कॉफी बशीत ओतून, साखरेचा खडा दातांत धरून, फुर्र आवाज करत प्यायला शिकली. पुढे वडील गेल्यावर जमीन, जंगल, हवेली सगळं रीतीप्रमाणे धाकट्या भावाला मिळालं आणि थोरल्या मुलीला मिळाली आजीची एक हिऱ्याची अंगठी. बाईंनी अंगठी खिशात टाकली, राजधानीची गाडी पकडली आणि मोर्च्यात सामील झाल्या. बायकांना समान पगार, कामावर जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघरं, असं सगळं. पण तिथेही त्यांचं लक्ष कपावर. पुरुष मंडळी समतेवर तासतासभर बोलायची आणि सभा संपली की बायका कप विसळत बसायच्या. बाईंनी नियमच काढला: भाषण करणाऱ्यानं आधी आपला कप धुवायचा, मग माइकला हात लावायचा. एका मंत्र्यानं म्हणे नकार दिला. त्याला भाषण न करता घरी जावं लागलं.

नंतर एका डच मास्तरांच्या प्रेमात पडून त्या इकडे आल्या. लग्न केलं नाही, पण तीस वर्षं एकत्र राहिल्या. "मी त्याचे मोजे कधी धुतले नाहीत आणि त्यानं माझे," हे त्या अशा थाटात सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, प्रेमाची ह्याहून मोठी खूण नाही. मास्तर गेले आणि बाई त्या घरात एकट्या उरल्या.

आता ह्या सगळ्यातली गंमत अशी, की आपलं सगळं आपण करायचं म्हणणाऱ्या ह्या बाईला करता काहीच येत नव्हतं. अंडं उकडायला ठेवलं तर पाणी आटून भांडं काळं. बटाटे करपलेले. मास्तर होते तोवर स्वयंपाक तेच करायचे. एकदा त्यांच्या घरातून धूर आला म्हणून मी धावत गेले, तर बाई शांतपणे खिडकी उघडत म्हणाल्या, "टोस्ट."

कोविड आला तेव्हा माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, आमच्याकडेच अडकल्या. साताऱ्याहून नातीच्या वाढदिवसासाठी आल्या होत्या, आणि विमानंच बंद झाली. सुरुवातीला त्या रोज विचारायच्या, "आज काही सुरू झालं का गं?" मग विचारेनाशा झाल्या. नातीची शाळा घरूनच, डचमध्ये. आजीनं मराठीत हाक मारली की तिकडून डच 'याऽ', म्हणजे 'हो', येणार. मुलगा मिलिंद दार लावून मीटिंगमध्ये. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, एका बाजूला निवडायची मेथी आणि दुसऱ्या बाजूला मॅनेजर. बिचाऱ्या आई मिलिंदचं जाड जॅकेट नऊवारीवर चढवून मागच्या बागेत खुर्ची टाकून बसायच्या.

एके सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते तर आई बशीत चहा ओतून पिताहेत आणि कुंपणाच्या झुडपांपलीकडे सिग्रिडबाई खिळल्यासारख्या उभ्या. म्हटलं, झालं, आता बागेत आवाज करू नका म्हणून हुकूम निघणार. बाई वळल्या, घरात गेल्या, आणि हातात कॉफीचा कप, बशी, साखरेचा डबा घेऊन परत आल्या. काठी पुढे धरून कोविडच्या नियमाचं दीड मीटर अंतर मोजलं, खुर्ची टाकली, कॉफी बशीत ओतली, साखरेचा खडा दातांत धरला आणि असा काही फुर्रका मारला, की आईंच्या हातातली बशी हलली.

"अगं बाई!" आई म्हणाल्या. "ही तर आपल्यातलीच निघाली!"

तेव्हापासून रोज सकाळी कुंपणाच्या अल्याड चहा, पल्याड कॉफी. आई मराठीत बोलायच्या, बाई कधी इंग्रजीत, कधी डचमध्ये, रंगात आल्या की थेट स्वीडिशमध्ये. दुभाष्या म्हणून मी दोनतीनदा गेले, तर दोघींनी मला अशी वागणूक दिली की मी आपली मेथी निवडायला परत आले. काय बोलत असतील देव जाणे. पण आईंना बाईंचा सगळा इतिहास माहीत झाला. तार कापल्याचं त्या मलाच रंगवून सांगायला लागल्या आणि त्यांच्या सांगण्यात सूप जाऊन आमटी आली. बाईंना त्या 'राणीसरकार' म्हणायच्या. "राणीसरकारांना सर्दी झालीय, काढा दे."

इथे घरांच्या पुढच्या खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला आपला संसार दिसतो. बाईंना आमचा फारच दिसायचा. एक दिवस दारावर काठीचे ठोके पडले. मिलिंदनं कॉल म्यूट करून दार उघडलं. बाई अंगणात दीड मीटर मागे उभ्या.

"तुमच्या घरात दार असलेल्या खोल्या किती?"

"वर एक आहे, ऑफिसची," मिलिंद म्हणाला.

"तिथे कोण बसतं?"

"मी."

"ती काय काम करते?" काठी माझ्याकडे.

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"आणि तू?"

"मीसुद्धा... म्हणजे, चिप बनवायच्या मशीनचं सॉफ्टवेअर."

"मग?"

तोच 'मग'. पुढच्या सोमवारपासून मी वरच्या खोलीत आणि मिलिंद मेथीजवळ. आठवड्याआड पाळी. आईंना आधी ते रुचलं नाही. "माझा मुलगा तिथे बसणार?" म्हणाल्या. चार दिवसांनी मात्र मिलिंदला मेथी निवडता निवडता मीटिंगमध्ये बोलताना पाहून त्यांना इतकं हसू आलं की डोळ्याला पदर लावावा लागला.

त्या हिवाळ्यात बाई स्वयंपाकघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. सकाळी मदतीला येणारी नर्स सुरू झाली, डॉक्टर येऊन गेले आणि त्यांनी स्वीडनला भाच्याला फोन केला. भाचा म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, आक्सेल, सध्याचा बॅरन. त्यानं प्रेमानंच कळवलं: आत्या, हवेलीत दक्षिणेची खोली तुझ्यासाठी तयार आहे, चोवीस तास माणूस असेल, ये.

बाई आम्हाला हे सांगत होत्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "ज्या घरात बटण दाबलं की माणूस धावत येतं, त्या घरात मी मरणार नाही," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण मी त्याला शब्द दिलाय. ज्या दिवशी मी नुसती घेणारी होईन आणि कुणाला काही देण्याजोगी उरणार नाही, त्या दिवशी मी मुकाट्यानं येईन. आमच्या घराण्यात शब्द मोडत नाहीत. ती एकच चांगली सवय आहे त्यांची."

मी आईंना मराठीत सांगितलं. संध्याकाळी त्यांनी मुगाची खिचडी केली, साताऱ्याहून फराळ भरून आणलेल्या त्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात घातली, वर तूप सोडलं आणि मला बाईंकडे पिटाळलं. दुसऱ्या दिवशी डबा दारात परत. लखलखीत घासलेला आणि रिकामा.

"रिकामा डबा परत?" आईंच्या कपाळाला आठी. "राणीसरकारांना एवढी रीत माहीत नाही? अगं, कुणाचा डबा रिकामा देऊ नये. काहीतरी घालून द्यावं. काही नसलं तर चिमूटभर साखर."

मी हसत हसत बाईंना ते सांगितलं. वाटलं, गंमत वाटेल. बाई कानापर्यंत लाल झाल्या.

"म्हणजे मी काल नुसतं घेतलं?"

"नाही हो, तसं काही..."

"नुसतं घेतलं," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आईंनी डबा पुन्हा भरून पाठवला आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरातून धूर आला. संध्याकाळी डबा आला. आत वेलदोड्याचे बन. झाकण उघडल्याबरोबर घरभर असा वास सुटला की आईंना थेट दिवाळी आठवली. मग त्यांनी एक चावा घेतला. दात शाबूत राहिले. बन मात्र जसाच्या तसा होता. आम्ही तो बशीतल्या चहात बुडवला, थांबलो, पुन्हा बुडवला, आणि खाल्ला.

पुढे हे नेमानं चालू झालं. आमच्याकडून पिठलं, मऊ भात, कधी शिरा. शिरा बाईंचा जीव की प्राण. त्यांच्याकडून करपलेले, दगडासारखे, कधी आतून कच्चे, पण बनच. त्यासाठी त्या सकाळी स्टूल ओढून ओट्यापाशी बसायच्या आणि पीठ मळायच्या. थांबत थांबत, श्वास घेत. आईंना पलीकडून दिसायचं. एकदा मला म्हणाल्या, "जा, सांग तिला, रोज कशाला जिवाला त्रास? साखर घाल म्हणावं, चालते." मी सांगितलं.

"साखर दुकानदारानं केलेली," बाई म्हणाल्या. "त्यात माझं काय?"

ते मी आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग खाऊ या बाई. दात कुठे पळून चाललेत?"

ह्या डब्यावरून दोघींचं एकदा भांडणही झालं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ना, तसं त्या डब्यावरही होतं. माझ्या सासऱ्यांचं पूर्ण नाव, आधी श्री., खाली 'वास्तुशांत'. बाईंनी घासता घासता ती अक्षरं पाहिली आणि कुंपणापाशी येऊन मला विचारलं, हे काय लिहिलंय?

"तिच्या नवऱ्याचं नाव. चाळीस वर्षांपूर्वी घातलेलं."

"तो स्वयंपाक करायचा?"

"छे!"

"डबा कुणी भरला? चाळीस वर्षं?"

"आईंनी."

बाईंनी डबा आईंसमोर धरला आणि त्या नावावर बोट ठेवून काठी आपटली. आईंना अर्थ बरोबर कळला. "अहो, नाव असलं की डबा परत येतो," त्या मराठीत ठणकावून म्हणाल्या. "हरवत नाही. नावाचं काय घेऊन बसलात? आमच्या ह्यांनी डब्याला कधी हातही लावला नाही, पण माणूस लाखाचा होता!" मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "आमच्या हवेलीत प्रत्येक चमच्यावर घराण्याचं चिन्ह आहे. माझ्या आईचं नाव कुठेही नाही. थडग्यावरही 'बॅरनची पत्नी'." ते मी मराठीत सांगितल्यावर आईंचा राग गेला. त्या रात्री भांडी आवरताना त्या डबा उलटासुलटा करून पाहत होत्या. मी विचारलं, काय बघताय? "काही नाही," म्हणाल्या. "जागा आहे का बघते."

उन्हाळ्यात सीमा उघडल्या आणि आक्सेल आला. पन्नाशीचा, देखणा, इतका सभ्य की त्याच्यावर रागावताही येईना. बूट असे चकचकीत की आईंनी त्याला दारात काढायला सांगितलं नाही. हे मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. त्याला आम्ही आमच्याकडेच चहाला बोलावलं. बाई ताठ बसलेल्या, पण हात मांडीवर घट्ट. आम्हाला कळत होतं, आज हिला न्यायचं की नाही ते ठरणार.

"आत्या, तू ह्यांच्यावर भार टाकलायस," आक्सेल मऊ आवाजात म्हणाला. "रोज जेवण हे पाठवतात. तू दिलेला शब्द तुला आठवत असेल."

बाईंनी काठीनं टेबलाकडे खूण केली. टेबलावर डबा. "उघड."

त्यानं उघडला. सकाळीच भाजलेले बन. त्यानं एक उचलला, चावला. थांबला. चेहरा अत्यंत सभ्य ठेवून दुसऱ्या बाजूनं चावला.

"हे... तू केलंस?"

"रोज करते."

त्यानं आमच्याकडे पाहिलं. मी, मिलिंद, आमची लेक, आई, चौघंही हातात बन घेऊन बसलो होतो. एव्हाना सवयीनं आमच्या बशा तयार होत्या. आईंनी बन चहात बुडवला, तीन फुर्रके घेतले, बन खाल्ला आणि मला म्हणाल्या, "सांग त्याला. भीक घातली असती तर एकदाच घातली असती. हे बन आम्ही सहा महिने खातोय. शेजारधर्माला ह्याहून जास्त पुरावा काय देऊ?"

मी जमेल तसं सांगितलं. आक्सेल आधी हसू दाबत होता, मग त्याला दाबता येईना. सगळेच हसलो. बाई सोडून. त्यांना आपल्या बनात काय हसण्यासारखं आहे ते खरंच कळलं नव्हतं. शेवटी आक्सेलनं आत्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे. शब्द पाळलास तू." आणि निघायला उठला.

"आक्सेल," बाई म्हणाल्या.

"हो?"

"कप."

स्वीडनच्या बॅरननं आमच्या बेसिनपाशी उभं राहून कप धुतला. आई माझ्या कानाशी लागल्या, "अगं, पाहुण्याला धुऊ देतेस?" पण अडवायला काही उठल्या नाहीत.

पानगळ सुरू झाली तेव्हा आईंना अखेर तिकीट मिळालं. निघायच्या दिवशी कुंपणापाशी दोघींनी नेहमीसारखी बशी घेतली. मध्ये झुडपं, मिठी मारायची सोय नव्हती. बाईंनी काठी पुढे केली, आईंनी काठीचं दुसरं टोक धरलं, आणि दोघी तशाच जरा वेळ उभ्या राहिल्या. आई विमानतळापर्यंत रडल्या. "आजवर कुणी विचारलं नव्हतं मला, डबा कुणी भरला म्हणून," एवढंच म्हणाल्या. डबा त्यांनी मुद्दाम मागे ठेवला. "तिचा शिरा थांबवू नकोस."

थांबवला नाही. पण बन छोटे होत गेले. मग एक बन. थंडी वाढली, पुन्हा आजाराची लाट आली, बाईंना खोकला झाला आणि नर्सनं आम्हाला घरात यायला बंदी केली. मी डबा पायरीवर ठेवायची आणि खिडकीतून हात करायची. एका सकाळी त्यांनी आतून काचेवर ठोकलं. हातात कालचा डबा. त्यावरच्या नावावर बोट ठेवलं, मग आमच्या घराकडे दाखवलं, मग हवेत लिहिल्यासारखं केलं. तिचं नाव. तुमच्या अक्षरांत. काच बाहेरून दवानं पांढरी झाली होती. मी बोटानं मोठ्या अक्षरांत आईंचं नाव लिहिलं, 'इंदू'. बाई आतून बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग नेहमीसारखं हातानं मला हाकललं.

तीनचार दिवस डबा आलाच नाही. मला धसका. रोज खिडकीतून बघायचे, तर बाई ओट्यापाशी स्टुलावर, पाठमोऱ्या, खाली वाकून काहीतरी करताहेत. वाटलं पीठ मळताहेत. आत जावंसं वाटायचं, पण नर्सची बंदी, आणि खरं सांगू, बाईंची त्याहून जास्त.

मग एका सकाळी डबा पायरीवर. हलका लागला. झाकण उघडलं. आत साखरेचे खडे. बाईंच्या कॉफीतले. म्हणजे पीठ मळायची ताकद संपली होती, आणि दुकानदाराची साखर घालावी लागली होती. मला तिथेच पायरीवर रडू आलं. डोळे पुसत झाकण लावायला डबा फिरवला, तर सासऱ्यांच्या नावाखाली, मोकळ्या जागेत, नवी अक्षरं होती. कोरलेली. खोलवर, वेडीवाकडी, एकेक रेघ दहादा ओढलेली. आधी वाचताच येईना. मग कळलं. नाव उलटं होतं. मी काचेच्या बाहेरून लिहिलं होतं, त्यांनी आतून पाहिलं, आणि जसं दिसलं तसं इमानेइतबारे कोरलं.

मी तशीच साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. आईंसमोर डबा धरला.

"काय गं हे? उलटं काढलंय!"

"काचेतून पाहिलं ना त्यांनी."

आई डोळे बारीक करून पाहत राहिल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तिच्या बाजूनं सुलटंच आहे." आणि मग, "मला तिच्याकडे ने."

मी फोन घेऊन बाईंच्या खिडकीपाशी गेले आणि काचेला लावला. बाई ओट्यापाशीच होत्या, अंगावर शाल, चेहरा मुठीएवढा झालेला. बोटात अंगठी होती, आजीची, हिऱ्याची. मी ती त्यांच्या बोटात कधी पाहिली नव्हती. त्यांनी ती वर धरून दाखवली, मग हवेत रेघा ओढून दाखवल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की बारा वर्षांची, टेबलाखालून कात्री घेऊन बाहेर आलेली पोर दिसली मला. फोनमध्ये आई बशी घेऊन तयार. बाईंनी कॉफी बशीत ओतली, थोडी सांडली, खडा दातांत धरला. काचेतून आवाज येत नव्हता, पण त्यांनी फुर्रका मारला हे आईंना कळलं, कारण त्यांनी साताऱ्यातून तसाच परत मारला.

"या हो इकडे राणीसरकार," आई म्हणत होत्या. "माझ्याकडे या. काही करावं नाही लागणार तुम्हाला." बरं झालं, ते त्यांना ऐकू गेलं नाही.

बाई गेल्या त्या त्याच आठवड्यात, आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर. मी त्यांना त्या कॉलनंतर पाहिलं नाही. त्या सकाळी कॉफी संपल्यावर त्या ओट्याला धरून उठल्या. मी काचेवर थाप मारून खुणेनं सांगितलं, अहो राहू द्या, नर्स येईल, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नळ सोडला. एका हातानं ओटा धरून दुसऱ्या हातानं कप धुतला, बशी धुतली, पुसली, पालथी घातली. आणि मग वळून आम्हाला हात केला.